सही करण्याआधी तो काय वाचतो, ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्रिप्टोची बातमी छापून येते ती भाव चढला किंवा कोसळला की. त्यातल्या काही टोकनांसोबत मतदानाचा हक्कही येतो. त्या मतदानातून निवडून आलेल्या मोजक्या माणसांच्या हाती इतरांच्या अब्जावधी डॉलरच्या तिजोरीच्या किल्ल्या जातात. याविषयी मराठीत फारसे कोणी लिहीत नाही. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांत घरी बसून परदेशी कंपन्यांचे काम करणारी मुलेमुली आता नवलाची राहिलेली नाहीत. त्यांच्यापैकी ज्यांच्या वॉलेटमध्ये अशी टोकन नुसती पडून आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे. थोडे लांबले आहे, पण विषयच तसा आहे.

उदाहरण आर्बिट्रमचे घेतो, कारण सुरक्षा मंडळाच्या निवडणुकीचे नियम तिथे कलमवार लिहून ठेवलेले आहेत. आर्बिट्रम म्हणजे इथेरियम या ब्लॉकचेनच्या, म्हणजे अनेक संगणकांवरच्या सामायिक हिशेबवहीच्या, वर उभे केलेले दुसऱ्या थराचे जाळे. व्यवहार स्वस्तात आणि झटपट होतात, हिशेब शेवटी इथेरियमवर नोंदला जातो. मार्च 2023 मध्ये त्याची एआरबी टोकन वाटली गेली आणि कारभार टोकनधारकांच्या संघटनेकडे, म्हणजे डाओकडे, आला. डाओचा नेहमीचा निर्णय सावकाश होतो. आधी चर्चा, मग मतदान आणि ठराव मंजूर झाल्यावरही काही दिवस थांबायचे. हा थांबा मुद्दाम ठेवलेला आहे. ज्याला बदल पटला नाही त्याला आपले पैसे काढून घ्यायला वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू.

पण उद्या सकाळी कोडमध्ये भोक सापडले तर? चर्चा आणि मतदान होईपर्यंत चोर थांबत नाही. म्हणून 12 जणांचे सुरक्षा मंडळ नेमलेले आहे. प्रत्येकाकडे एक गुप्त डिजिटल किल्ली असते आणि त्या किल्लीने दिलेली मंजुरी म्हणजे सही. त्यातल्या 9 जणांनी सह्या केल्या की मूळ करारांचा (स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे पैसे सांभाळणाऱ्या प्रोग्रामांचा) कोड त्याच घटकेला बदलता येतो. थांबा नाही, मतदान नाही. ज्या सहीने भोक बुजवता येते त्याच सहीने तिजोरी रिकामीही करता येते, आणि तांत्रिकदृष्ट्या या दोन व्यवहारांत काहीही फरक नसतो. संकट ओसरल्यावर मंडळाने काय केले आणि का केले याचा संपूर्ण अहवाल द्यायचा, असे बंधन डाओच्या घटनेत आहे. ते चांगलेच आहे, पण अहवाल नंतर येतो. त्याआधीचा सगळा भरवसा त्या नऊ माणसांवर असतो.

आपल्याकडे सहकार मुरलेला आहे, म्हणून तुलना सोपी जाते. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 27 प्रमाणे सभासदाकडे 10 शेअर असोत की 1000, मत एकच. ते त्याने स्वतः हजर राहून द्यायचे, बदली माणूस चालत नाही. डाओमध्ये दोन्ही गोष्टी उलट आहेत. जितकी टोकन तितकी मते, आणि आपली मते दुसऱ्या कोणाच्या नावे करायची पूर्ण मुभा. त्याला मते डेलिगेट करणे म्हणतात. टोकन आपल्याच वॉलेटमध्ये राहतात, फक्त मताचे वजन दुसऱ्याच्या पारड्यात पडते. सोय म्हणून हे ठीक आहे. मात्र दोन वर्षांपूर्वी कोणाच्या नावे केले होते हेच बहुतेकांच्या लक्षात नसते, आणि तो डेलिगेट तुमच्या वजनाने कोणाला निवडून देतो आहे हे कोणी पाहत नाही.

आता निवडणूक कशी होते ते पाहू. खालचे आकडे मूळ घटनेतले आहेत. डाओ ठराव करून ते बदलू शकते, म्हणून दर वेळी त्या त्या निवडणुकीचे वेळापत्रक तपासावे. बारा जणांचे सहा-सहाचे दोन गट. दर सहा महिन्यांनी एका गटाची निवडणूक, म्हणजे एकेकाची मुदत वर्षाची. पहिली निवडणूक सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाली. बाराच्या बारा एकदम बदलत नाहीत ही फार शहाणपणाची तरतूद आहे, कारण नव्या सदस्याला सह्यांची पद्धत दाखवणारे निम्मे लोक तरी आत असतात. पहिले सात दिवस उमेदवारीचे. नाव कोणीही देऊ शकतो, पण पुढच्या फेरीत जायला मतदानयोग्य टोकनांपैकी 0.2 टक्क्यांचा पाठिंबा लागतो. समजा मतदानयोग्य टोकन 300 कोटी आहेत, तर हा आकडा 60 लाख होतो. इथेच गोम आहे. साध्या माणसाला 60 लाख मते गोळा करायची तर दोन-चार मोठ्या डेलिगेटांच्या दारी जाण्याशिवाय गत्यंतर नसते. म्हणजे खरी चाळणी याच आठवड्यात लागते आणि सामान्य मतदार तेव्हा झोपलेला असतो. सहा जणही एवढा पाठिंबा मिळवू शकले नाहीत, तर मुदत संपत आलेल्या गटातलेच सदस्य चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने निवडून उमेदवारांची संख्या सहापर्यंत नेतात. निवडणूक होते, पण निवड उरत नाही.

त्यानंतर 14 दिवस आर्बिट्रम फाउंडेशन ही संस्था उमेदवारांची ओळख आणि कायदेशीर बाजू तपासते. मग 21 दिवस मुख्य मतदान. मते वाटून देता येतात. 10,000 टोकन असतील तर एकाला 6,000 आणि दुसऱ्याला 4,000 असेही चालते. पहिले सात दिवस मताला पूर्ण वजन असते. आठव्या दिवसापासून ते सरळ रेषेत उतरत जाते आणि एकविसावा दिवस संपताना शून्यावर येते. 1,000 टोकनांचे मत दहा दिवस उलटल्यावर दिले तर ते सुमारे 786 धरले जाते, चौदा दिवसांनी 500 आणि अठरा दिवसांनी जेमतेम 214. शेवटच्या रात्री एखाद्या बड्या टोकनधारकाने येऊन निकाल फिरवू नये म्हणून ही योजना आहे. आपल्याकडे मतदानाची वेळ संपता संपता केंद्राबाहेर रांग लागते. त्या सवयीने इथे गेलात तर मत नोंदले जाईल, पण मोजणीत त्याचा उपयोग होणार नाही.

शिवाय मताचे वजन ठरते ते आधी टिपून ठेवलेल्या क्षणाच्या नोंदीवरून. मतदान सुरू झाल्यावर टोकन घेतली किंवा डेलिगेट केली तर त्या निवडणुकीत ती धरली जात नाहीत. ही अट किती मोलाची आहे हे 17 एप्रिल 2022 रोजी बीनस्टॉक या क्रिप्टो प्रकल्पात दिसले. तिथे मते त्याच क्षणाला मोजली जात होती. हल्लेखोराने एकाच व्यवहारात प्रचंड कर्ज उचलले, त्यातून मतांचे बहुमत उभे केले, आपलाच ठराव मंजूर करून तिजोरी उपसली आणि कर्ज परतही केले. प्रकल्पाचे सुमारे 18 कोटी डॉलरचे नुकसान झाले.

नऊ हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. बारापैकी चौघे नाही म्हणाले, झोपले, आजारी पडले किंवा त्यांच्या किल्ल्या हरवल्या तर मंडळ ठप्प होते. एका संस्थेचे तीनपेक्षा जास्त सदस्य नकोत असा नियम आहे. हिशेब करून पाहा. तिघे एका घरचे असतील आणि ते घर आडमुठेपणाला पेटले, तर उरतात बरोबर नऊ. त्यात एकही जास्तीचा नाही. त्या रात्री एखादा विमानात असला की संपले. म्हणून नियमात बसते म्हणून तिसऱ्याला मत द्यावे, हे मला मान्य नाही. एका संस्थेचे दोघे पुरे.

संस्था कोणती हे नावावरून कळतेच असेही नाही. मार्च 2022 मध्ये रोनिन ब्रिजवर, म्हणजे एका जाळ्यातून दुसऱ्यात क्रिप्टो नेणाऱ्या पुलावर, दरोडा पडला. तिथे नऊपैकी पाच सह्या लागत होत्या. चार किल्ल्या स्काय मॅव्हिस या एकाच कंपनीकडे होत्या. पाचवी किल्ली अॅक्सी डाओची, म्हणजे कागदावर बाहेरची. पण नोव्हेंबर 2021 मध्ये कामाचा भार वाढला म्हणून त्या डाओने कंपनीला आपल्या वतीने सही करण्याची परवानगी दिली होती. डिसेंबरात ती गरज संपली, परवानगी मात्र काढून घ्यायची राहिली. चोराने कंपनीत शिरकाव केला आणि चारही किल्ल्यांसोबत पाचवी आपोआप हाती लागली. 1,73,600 इथर (इथेरियमचे चलन) आणि 2 कोटी 55 लाख यूएसडीसी (डॉलरशी बांधलेली टोकन) गेले. सहा दिवस कोणाला पत्ता नव्हता. एका ग्राहकाला 5,000 इथर काढता येईनात, तेव्हा कुठे उलगडा झाला. उमेदवाराला पहिला प्रश्न यातूनच निघतो: तुमची किल्ली तुमच्याशिवाय आणखी कोणाच्या यंत्रावर, कोणाच्या परवानगीने चालते का? आणि चालत नसेल, तर ते शेवटचे कधी तपासले होते?

किल्ल्यांची संख्या वाढवून भागत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये रेडियंट कॅपिटल या क्रिप्टो प्रकल्पाकडे 11 किल्ल्या होत्या, पण सह्या तीनच लागत होत्या. तिघांच्या संगणकांत घातक प्रोग्राम शिरला, पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत राहिला आणि सुमारे 5 कोटी डॉलर गेले.

पडदा एक दाखवतो आणि सही दुसऱ्यावरच होते, हा आजचा सर्वांत मोठा धोका आहे. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजमधून, म्हणजे खरेदी-विक्रीच्या बाजारातून, सुमारे 23 कोटी डॉलर गेले आणि त्याची झळ भारतीय ग्राहकांना बसली. पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार यांत तफावत होती, असे त्या कंपनीनेच जाहीर केले. 21 फेब्रुवारी 2025 रोजी बायबिट या परदेशी एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले तेव्हाही हेच घडले. तो प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. सेफ या अनेक सह्यांच्या वॉलेटमध्ये प्रत्येक व्यवहारात काही रकाने असतात: कोणत्या पत्त्यावर, किती रक्कम, सोबत कोणता मजकूर, अनुक्रमांक किती आणि कृती कोणत्या प्रकारची. या शेवटच्या रकान्यात 0 असेल तर साधी हाक, म्हणजे वॉलेट दुसऱ्या कराराला काम सांगते. 1 असेल तर दुसऱ्याचा कोड आपल्या वॉलेटच्या आत शिरून, आपल्याच अधिकाराने चालतो. हल्लेखोरांनी तिथे 1 घातला होता आणि त्यातून वॉलेटचा आतला कोडच बदलून टाकला. सह्या करणाऱ्यांना ब्राउझरमध्ये रोजचाच व्यवहार दिसत होता. हातातल्या हार्डवेअर वॉलेटवर, म्हणजे किल्ली जपणाऱ्या छोट्या उपकरणावर, व्यवहाराचा तपशील न दिसता नुसती अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ दिसत होती. तिच्याकडे पाहून त्यांनी बटण दाबले.

हाउसिंग सोसायटीत खजिनदार गावाला जाताना अर्ध्या चेकबुकवर सह्या करून सेक्रेटरीच्या हाती देतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दोन सह्यांचा नियम कागदावर शाबूत राहतो आणि पैसे प्रत्यक्षात एकाच्या हातात जातात. न वाचता बटण दाबणे म्हणजे तेच कोरे चेक.

यावर उपाय आहे, आणि जो उमेदवार तो चार वाक्यांत सांगू शकत नाही त्याला मत देऊ नये असे मला ठामपणे वाटते. सह्यांसाठी वेगळा संगणक असावा, ज्यावर ईमेल, चॅट, गेम काहीही नाही. हार्डवेअर वॉलेटवरची किल्ली नवी तयार केलेली असावी आणि मंडळाशिवाय दुसऱ्या कशासाठीही वापरलेली नसावी. व्यवहार आला की त्याचे सगळे रकाने उचलून, ज्या वेबपानावर तो दिसला त्याच्याशी संबंध नसलेल्या प्रोग्रामने दुसऱ्या यंत्रावर हॅश, म्हणजे त्या मजकुरापासून निघणारी अक्षर-आकड्यांची माळ, काढायचा. तो वॉलेटच्या छोट्या पडद्यावर दिसणाऱ्या हॅशशी ताडून पाहायचा. 32 बाइट म्हणजे 64 अक्षरे असतात. पहिली चार आणि शेवटची चार जुळली की झाले, ही सवय घातक आहे, कारण दोन्ही टोके जुळणारा बनावट पत्ता तयार करता येतो आणि तशा फसवणुका सर्रास होतात. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरे, चार-चारच्या गटाने, मोठ्याने वाचून. सोबत तो व्यवहार ब्लॉकचेनच्या प्रतीवर आधी चालवून पाहायचा: कोणता कोड बदलला, कोणाची शिल्लक हलली. अनुक्रमांकही पाहायचा, कारण घाईत दोन व्यवहार एकाच क्रमांकाने तयार झाले तर त्यातला एकच पार पडतो आणि दुसऱ्यासाठी नऊ सह्या पुन्हा गोळा कराव्या लागतात.

किल्लीच्या प्रतीबद्दल उमेदवार काय म्हणतो, तेही ऐकावे. स्वतःच्या पैशांच्या वॉलेटची सीड फ्रेज, म्हणजे किल्ली परत मिळवून देणारे शब्द, माणूस दोन-तीन ठिकाणी जपून ठेवतो आणि ते बरोबरच आहे. गोदावरीचा पूर जिथे दरवर्षी पायरीला लागतो, तिथे तळमजल्याच्या कपाटातल्या कागदावर कोणी विसंबणार नाही. मंडळाच्या किल्लीचा हिशेब वेगळा. एकाची किल्ली हरवली तर उरलेल्या अकरांपैकी नऊ जण त्याच्या जागी नवी बसवू शकतात. पण किल्लीची नक्कल चोरीला गेली तर कोणाला कळतही नाही. म्हणून तिथे प्रती कमीत कमी हव्यात. “माझ्याकडे पाच ठिकाणी बॅकअप आहे,” असे अभिमानाने सांगणाऱ्याला या कामाचे स्वरूप कळलेले नाही.

वेळेचा मुद्दा आपल्याला जवळचा आहे. नाशिकला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा लंडनमध्ये पहाट व्हायची असते आणि न्यूयॉर्कमध्ये लोक झोपायला निघालेले असतात. बारापैकी दहा जण युरोप-अमेरिकेत असतील तर भारतीय सकाळी नऊ सह्या जमवणे किती अवघड जाईल, ते सांगायला नको. भारतातला सक्षम उमेदवार यासाठी हवा. त्यात प्रादेशिक अभिमानाचा प्रश्न नाही. एका देशाच्या न्यायालयाचा आदेश किंवा पोलिसांचा दबाव एकाच वेळी चौघांवर येऊ नये, हेही त्यातच आले. सदस्यांची नावे जाहीर असतात, तेव्हा शारीरिक धोकाही खरा आहे. जानेवारी 2025 मध्ये फ्रान्समध्ये हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या सहसंस्थापकाचे खंडणीसाठी अपहरण झाले होते. घराचे फोटो आणि प्रवासाचा दिनक्रम रोज सोशल मीडियावर टाकणारा माणूस इतर बाबतीत कितीही हुशार असला तरी या पदाला योग्य नाही.

निवडणुकीत प्रत्यक्षात काय पाहिले जाते? किती अनुयायी आहेत, कोणत्या परिषदेत भाषण केले, कोणत्या फंडाने पाठिंबा दिला. ज्याने स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचे ऑडिट केले आहे, ज्याने खऱ्या हल्ल्याच्या रात्री दुसऱ्या प्रकल्पाला सावरले आहे, तो बहुधा प्रचारात कच्चा असतो आणि 0.2 टक्क्यांपाशीच अडतो. त्याच्या केलेल्या कामाचे अहवाल जाहीर असतात. ते वाचायला तासभर लागतो. निवडून आलेला सदस्य नालायक निघाला तर त्याला काढण्याची सोयही आहे, पण त्यासाठी मतदानयोग्य टोकनांपैकी किमान 10 टक्क्यांचे मतदान आणि पडलेल्या मतांपैकी पाच-षष्ठांश पाठिंबा लागतो, किंवा मंडळातल्याच नऊ जणांची संमती. काढणे इतके कठीण आहे, म्हणून निवडतानाच तो तासभर खर्चावा.

मत द्यायचे असेल तर टोकन एक्स्चेंजवर ठेवून चालत नाही. तिथे मताचा हक्क तुमच्या हातात नसतो. ती स्वतःच्या वॉलेटमध्ये आणावी, स्वतःच्याच किंवा पारखलेल्या डेलिगेटच्या नावे करावी आणि हे निवडणुकीच्या आधी उरकावे. शुल्कासाठी आर्बिट्रमवरच थोडे इथर ठेवावे. निवडणुकीच्या काळात मतदानाची बनावट पाने हमखास निघतात. खऱ्या मतदानात 12 किंवा 24 शब्दांची सीड फ्रेज कधीच विचारली जात नाही, टोकन कुठेही पाठवावी लागत नाहीत आणि टोकन खर्च करण्याची परवानगीही द्यावी लागत नाही. वॉलेटच्या पडद्यावर ‘अप्रूव्ह’ किंवा ‘परमिट’ दिसले तर नाकारून पान बंद करावे. मग वॉलेटमधून त्या पानाशी असलेली जोडणी तोडावी आणि आधी दिलेल्या परवानग्या कोणकोणत्या आहेत, त्या तपासून रद्द कराव्यात.

आपला,
एक वाचक
इंदिरानगर, नाशिक